फंड आहे, पण अट आहे!

विज्ञानासाठी दोन-चार देशांनी मिळून खिशात हात घातला की सोबत नियमही एकेक नमुनेदार निघतात. बघाच!

तीन तिगाडा, काम... फत्ते!
युरोपियन युनियनच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमाचं २०२१-२७चं सुरुवातीचं बजेट सुमारे ९५.५ अब्ज युरो. पण एकत्रित प्रोजेक्ट करायचा, तर टीममध्ये किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या संस्था हव्यातच!

पिकतं तिथं विकत नाही
याच कार्यक्रमातल्या, मेरी क्युरींच्या नावाच्या पोस्टडॉक फेलोशिपची अट माहीत आहे का? ज्या देशात जायचं, तिथं गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, तर पत्ता कट! खुद्द मेरीबाईही वॉर्सा सोडून पॅरिसला गेल्या होत्याच की.

८५ टक्के आणि रिकामा खिसा
याच फेलोशिपच्या अर्जाला ८५ टक्के किंवा जास्त गुण मिळाले, पण बजेट संपलं? मग घ्या ‘सील ऑफ एक्सलन्स’! चेक नाही, पण हे सर्टिफिकेट दाखवून दुसरीकडे फंड मागता येतो.

बेडूकउडी
भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांनी चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला आणि २००० साली गमतीचा ‘इग नोबेल’ पटकावला. २०१० मध्ये अस्सल नोबेल! कशासाठी? पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटपासून अणूभर जाडीचं ग्राफीन वेगळं केलं म्हणून. तेही चिकाटीनं आणि चिकटपट्टीनं! २०१३ मध्ये युरोपनं ग्राफीनसाठी दहा वर्षांचा एक अब्ज युरोंचा कार्यक्रमच काढला.

फेल? पैसे माफ!
अमेरिका-इस्रायलचं ‘बर्ड फाउंडेशन’ १९७७पासून दोन्ही देशांतल्या कंपन्यांची जोडी जुळवतं आणि निम्म्यापर्यंत खर्च उचलतं. माल खपला तर परतफेड, आपटला तर विषय संपला. असं कर्ज कुणाला नकोय?

कॅश नको, माल आणा
फ्रान्समधल्या ‘इटर’ या फ्यूजन प्रकल्पाचे सात भागीदार वर्गणी मुख्यतः यंत्रभागांच्या रूपात देतात. भारताच्या वाट्याला काय आलं, माहीत आहे का? क्रायोस्टॅट, म्हणजे ३,८५० टनांचा स्टीलचा थर्मास! गुजरातच्या हजिऱ्यात तुकडे बनले, जहाजानं गेले आणि तिकडे जोडले गेले.

चलो हिंगोली!
आता आपला नंबर. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होतेय. जागा आणि बांधकाम भारताचं, डिटेक्टरचे मुख्य भाग अमेरिकेचे. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा टिपणार काय? प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल! ज्योतिर्लिंग आहेच, आता ब्लॅक होलच्या टकरीही. मराठवाडा, नेटवर्क फुल!