जागा न सोडणारं जहाज

बोरगाव-सौंसरकडच्या घरांतली मुलं आता नागपूर-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. कुणाची लेक न्यू जर्सीत असते आणि एखाद्या उन्हाळ्यात आईवडील तिच्याकडे राहायला जातात. त्यांना न्यूयॉर्कला नेलं की आधी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवतात. त्याच फेरीत तासभर काढून मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ, ईस्ट रिव्हरच्या धक्क्याला उभं असलेलं लाल जहाज जरूर बघावं. त्याच्या कुशीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत नाव आहे : अँब्रोज.

ही दीपनौका, म्हणजे तरंगतं दीपगृह. मुंबईजवळ खांदेरीचं दीपगृह 1867 मध्ये आणि कुलाब्यापुढचं प्रोंग्ज 1875 मध्ये उभं राहिलं, कारण तिथं पायाखाली खडक होता. जिथं तळाशी सरकती वाळू किंवा फार खोल पाणी, तिथं बुरूज बांधायचा कसा? म्हणून डोलकाठीवर दिवा लावलेलं जहाज जड नांगर टाकून एकाच ठिकाणी उभं करायचे. थेम्स नदीच्या मुखाशी नोर इथं अठराव्या शतकात अशी पहिली दीपनौका आली. आपल्याकडे हुगळीच्या मुखाशीही दीपनौका होत्या.

न्यू जर्सीतल्याच कॅम्डेनला 1907 मध्ये बांधलेली ही नौका 1908 ते 1932 न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी अँब्रोज नावाच्या ठाण्यावर उभी होती. लांबी सुमारे 135 फूट. बोटीने अमेरिकेत येणाऱ्या असंख्य स्थलांतरितांच्या वाटेवर तिचा दिवा होता. धक्क्यावर तिला बघायला गेल्यावर केवळ दिव्याचा फोटो काढून परतू नये; आत जायला मिळालं तर खलाशांच्या राहण्याच्या जागा नीट पाहाव्यात. वादळ आलं की इतर जहाजं आसरा शोधत, या माणसांना मात्र जागा सोडायची मुभा नव्हती. धुक्यात भोंगा वाजत राही आणि त्याच आवाजात झोपायचं.

वाऱ्या-लाटांपेक्षाही मोठी भीती वेगळीच होती. 1921 मध्ये 'अँब्रोज'वर अमेरिकेतल्या पहिल्या रेडिओ दिशादर्शक यंत्रांपैकी एक बसलं. आता धुक्यातही दुरून नेमकी दिशा कळू लागली. पण त्या संकेताच्या रोखाने येणारं जहाज थेट दीपनौकेवरच येई. 15 मे 1934 रोजी तेच घडलं. 'टायटॅनिक'चं भावंड असलेलं 'ऑलिम्पिक' दाट धुक्यात नॅन्टकेटच्या दीपनौकेवर आदळलं. तिच्यावरच्या अकरांपैकी सात जण गेले. वाट दाखवण्याचं काम जितकं चोख, तितका जिवाला धोका जास्त, हे त्या अपघाताने दाखवून दिलं.

अँब्रोजच्या ठाण्यावर 1967 मध्ये पोलादी मनोरा आला, तिथली दीपनौकांची पाळी संपली. ही जुनी नौका 1968 मध्ये साउथ स्ट्रीट सीपोर्ट संग्रहालयाकडे गेली आणि वाचली. आपली जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून पाहता येत होती. 2014 मध्ये ती तोडायला काढली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं जहाज सांभाळणं खर्चाचं असतं, हे मान्य. तरी 'विक्रांत'चा डेक नातवंडांना दाखवता येत नाही, याची खंत मला आजही आहे.

मुलं बोस्टनकडे असतील तर तिथंही एक दीपनौका आहे : 1936 मध्ये बांधलेली नॅन्टकेट. 'ऑलिम्पिक'च्या धडकेने बुडालेल्या नौकेच्या भरपाईच्या पैशातून ती उभी राहिली, आणि पुन्हा धडक बसली तरी तगावी म्हणून तिचा सांगाडा मुद्दाम भक्कम केला होता.