ओपन-ड्रेन आउटपुट

ओपन-ड्रेन आउटपुट हा अंकीय एकात्मिक परिपथाच्या (चिपच्या) आउटपुट पिनचा एक प्रकार आहे. अशी पिन जोडलेल्या तारेला भूमीच्या म्हणजे शून्य व्होल्टच्या पातळीवर खेचू शकते, परंतु तिला स्वतः वरच्या पातळीवर नेऊ शकत नाही. ते काम तार आणि वीजपुरवठा यांच्यामध्ये जोडलेला पुल-अप रोध करतो. मॉसफेट ट्रान्झिस्टरचे ड्रेन हे अग्र चिपच्या आत मोकळे सोडलेले असते, त्यावरून हे नाव पडले. द्विध्रुवी ट्रान्झिस्टर वापरल्यास याच रचनेला ओपन-कलेक्टर म्हणतात.

नेहमीच्या पुश-पुल आउटपुटमध्ये दोन ट्रान्झिस्टर असतात: एक तारेला वर ओढतो, दुसरा खाली. अशा दोन पिना एकाच तारेला जोडल्या आणि एकीने १, दुसरीने ० दिले, तर वीजपुरवठ्यापासून भूमीपर्यंत जवळजवळ थेट मार्ग तयार होतो. मोठा प्रवाह वाहतो, तारेवरील पातळी धड ० ना धड १ अशी राहते आणि पिन निकामी होऊ शकते. ओपन-ड्रेनमध्ये हा संघर्ष उद्भवत नाही. कोणत्याही एका पिनने तार खाली ओढली की ती ० होते. सर्वांनी सोडली तरच १. या गुणधर्माला ‘वायर्ड-अँड’ म्हणतात. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केलेली आय२सी ही दोन तारांची संदेशवहन पद्धती यावरच उभी आहे.

प्रोग्रॅमेबल चिपवरील मांडणी

एफपीजीए व सीपीएलडी या प्रकारच्या चिपांमध्ये पिनेचे वर्तन वापरकर्ता ठरवतो. काही मालिकांत ओपन-ड्रेन हा पिनेच्या गुणधर्मांतील थेट पर्याय असतो; लॅटिसच्या मॅक-एक्सओ२ मालिकेत तो आहे. जेथे नाही, तेथे त्रिस्थिती बफरने तोच परिणाम साधतात. बफरला पाठवायची माहिती कायम ० ठेवायची आणि आलेल्या बिटाने बफर फक्त चालू किंवा बंद करायचा: बिट ० असेल तर चालू, १ असेल तर बंद, म्हणजे उच्च-रोध अवस्था. व्हेरिलॉग व व्हीएचडीएल या भाषांत ही अवस्था ‘झेड’ या चिन्हाने लिहितात. नवशिके येथे हमखास चुकतात. बिट १ असताना ‘झेड’ऐवजी १ लिहितात. मग पिन पुश-पुल होते आणि समोरच्या चिपशी झुंजू लागते. पिनेवर काय आहे हे वाचण्यासाठी इनपुट मार्गही जोडावा लागतो, कारण आपण सोडलेली तार दुसऱ्या कोणी खाली धरलेली असू शकते.

सादृशीकरणात (सिम्युलेशनमध्ये) आणखी एक खोड आढळते. व्हीएचडीएलमध्ये पुल-अपने आलेली कमकुवत १ ही ‘एच’ म्हणून दिसते आणि ‘एच’ म्हणजे ‘१’ नव्हे. तुलना थेट केली तर ती फसते. आधी रूपांतर करावे लागते.

पुल-अप रोधाची निवड

तारेची पातळी किती वेगाने चढेल हे रोध आणि तारेची धारिता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. आय२सीच्या व्याख्येनुसार चढण्याचा काळ ०.८४७ × रोध × धारिता इतका धरतात. १०० किलोहर्ट्झ वेगाला तो १००० नॅनोसेकंदांपेक्षा आणि ४०० किलोहर्ट्झला ३०० नॅनोसेकंदांपेक्षा जास्त असू नये.

समजा, घाटंजीसारख्या (यवतमाळ जिल्हा) कापूस पिकवणाऱ्या भागात शेतातील पेटीत एफपीजीए मंडल आहे आणि आर्द्रतेचा संवेदक दोन-तीन मीटर केबलने बाहेर टांगला आहे. केबलसह तारेची धारिता ३०० पिकोफॅरड भरली, तर ४.७ किलोओहम रोधाने चढण्यास सुमारे १२०० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झचीही मर्यादा ओलांडली जाते. २.२ किलोओहम लावल्यास हा काळ सुमारे ५६० नॅनोसेकंदांवर येतो. टेबलावर आखूड तारेने सुरळीत चाललेले मंडल शेतात अडखळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. चिपमधील अंतर्गत पुल-अप बहुधा दहापट किंवा त्याहून अधिक रोधाचा असल्याने येथे त्याच्यावर विसंबता येत नाही. रोध फार कमीही करता येत नाही: ३.३ व्होल्टवर, ३ मिलिअँपिअर प्रवाहात ०.४ व्होल्टची खालची पातळी राखायची तर किमान सुमारे ९७० ओहम हवा.

तारेची वरची पातळी चिप ठरवत नाही, बाहेरचा रोध ठरवतो. म्हणून ३.३ व्होल्टच्या चिपने ५ व्होल्टची तार चालवण्याचा मोह होतो. परंतु बहुतेक आधुनिक एफपीजीएंच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. दोन्हींमध्ये पातळी बदलणारा परिपथ लागतो.