तार जोडली, पण बोलेना!

घरात लिनक्सवर चालणारा संगणक आहे, रूटरपासून आलेली तार त्याला जोडलेली आहे, आणि चिरंजीवांच्या प्रवेशअर्जाच्या नेमक्या अखेरच्या दिवशी इंटरनेट बंद! अशा वेळी शेजारचे एखादे जाणकार येतात आणि सुचवतात, "सगळं पुसून नव्यानं घालू या." वाचकहो, त्यांना चहा अवश्य द्या; पण संगणकाला हात लावू देऊ नका. घरातले दहा वर्षांचे फोटो त्यात जायचे, आणि दोष तारेच्या टोकाशीच निघायचा!

म्हणून आधी तारेकडे पाहा. खोबणीजवळचा इवलासा दिवा लागला आहे काय? टोकाची प्लॅस्टिकची जिभली मोडली की तार हळूच मागे सरकते आणि वरून मात्र बसल्यासारखी दिसते. या तारेच्या पोटात आठ धागे असतात, दोन-दोनांच्या चार जोड्या. १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात. १००० ला चारही लागतात. त्यामुळे एखादा धागा तुटला तर पुष्कळदा इंटरनेट बंद न पडता नुसते रेंगाळते, आणि लोक कंपनीला बोल लावतात! दुसरी तार लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

दिवा ठीक असेल तर टर्मिनलची खिडकी उघडून 'आयपी लिंक' ही आज्ञा द्या (अर्थात रोमन अक्षरांत). 'नो-कॅरिअर' असे उत्तर आले तर दोष अजून तारेतच, किंवा रूटर बंद आहे. नाहीतर 'आयपी अ‍ॅड्रेस' विचारा. घरातल्या प्रत्येक यंत्राला रूटर एकेक पत्ता वाटत असतो. तो दिसतच नसेल, किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर आपल्या संगणकाला पंगतीत वाढायचेच राहून गेले असे समजावे. रूटर बंद करून पुन्हा चालू करा.

आता 'पिंग'. माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटा प्रोग्राम. पाणबुडीच्या शोधात सोडलेल्या ध्वनीवरून त्याचे नाव पडले. हाक मारायची आणि प्रतिसाद ऐकायचा! 'आयपी रूट' या आज्ञेत 'डीफॉल्ट व्हाया'पुढे जो आकडा दिसतो तो रूटरचा. पहिली हाक त्याला. दुसरी ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. तिसरी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. लिनक्सवर हे हाकारणे आपणहून थांबत नाही. कंट्रोल आणि सी दाबावे लागते.

आकड्याला उत्तर येते, नावाला येत नाही? मग रस्ता शाबूत आहे, नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस तेवढा गप्प आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ लिहा. रूटर उत्तर देतो, पण बाहेरचे कोणीच देत नाही, असे असेल तर मात्र खुशाल कंपनीला फोन करा आणि हेच वाक्य जसेच्या तसे सांगा.

तोवर मुदत टळत असेल, तर मोबाइल यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडा आणि मोबाइलमध्ये टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला सहसा विनातक्रार ओळखतो. अर्ज तेवढा आधी भरून टाका.