खाडीकाठची जागा आणि फुफीचा हिस्सा

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई, मुंब्रा, पनवेलकडे राहणाऱ्या कोकणातल्या मुस्लिम घरांत एक विषय हमखास निघतो. गावाकडे थोडी जागा घ्यावी. चार आंबे, दोन माड, बसायला पडवी, मुलांना डुंबायला खाडी आणि थोरांना गळ टाकून बसायला काठ. शहरातल्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना माती दिसावी, पावसाचा वास कळावा, ही इच्छा काही वाईट नाही. ती आमच्याही मनात होती. गेल्या वर्षी आम्ही तसा प्रयत्न केला. त्यातून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण असा व्यवहार बहुधा आयुष्यभराच्या बचतीतून होतो आणि त्यात फसगत झाली की घरातली नातीही तुटतात.

सावित्री नदीच्या खाडीकाठी एका गावात चाळीस गुंठ्यांची, म्हणजे एक एकराची जागा विकायची आहे, असा निरोप एका मध्यस्थाकडून आला. भरतीच्या वेळी पाणी बांधापर्यंत येते, पलीकडे डोंगर, अलीकडे काजूची झाडे. कतारला नोकरी करणारा आमचा धाकटा भाऊ फोटो पाहूनच खूश झाला. "पैसे मी पाठवतो, तुम्ही फक्त सही करा," म्हणाला. मध्यस्थ म्हणत होता, आठवड्याभरात इसार दिला नाही तर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. वाचकहो, असे वाक्य कानावर पडले की समजावे, थांबायची वेळ झाली.

शिकारीचा शौक सोडावा

जागा पाहायला गेलो तेव्हा मध्यस्थाने तिचा आणखी एक गुण सांगितला. रात्री डुकरे येतात, भेकर येते, तितर तर भरपूर. पाहुण्यांना मजा येईल! आमच्या वाडवडिलांच्या काळात ठासणीची बंदूक घेऊन रानात जाणे ही मर्दुमकी समजली जाई, हे खरे. पण तो काळ गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुक्कर, भेकर, ससा, तितर या सगळ्यांना संरक्षण आहे. जमीन आपल्या नावावर असली म्हणून तीवर फिरणारे जनावर आपले होत नाही. कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फास लावणे, सापळा मांडणे, तसा प्रयत्न करणे, हेही शिकारीतच येते. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही. डुकरांनी नासधूस केली तर वन खात्याकडे अर्ज करून रीतसर परवानगी आणि नुकसानभरपाई मागावी. कुंपणात वीज सोडण्याचा अविचार तर मुळीच करू नये, त्यात माणसेही मरतात.

मासे पकडण्याचे तसे नाही. खाडीत गळ टाकून बोय, शिंगटी धरायला कोणी अडवत नाही. नशीब असेल तर जिताडाही लागतो. पण गावातले मच्छीमार जिथे जाळी लावतात तिथे आपण पाहुणे आहोत, हे विसरू नये. पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे हा 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. गोड्या पाण्याचे तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे विचारल्याशिवाय गळही टाकू नये.

सातबारा नीट वाचावा

आम्ही इसार न देता आधी सातबारा काढला. आता तो महाभूलेखच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो आणि डिजिटल सहीचा उताराही मिळतो. त्यात चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भोगवटादार वर्ग. वर्ग 1 असेल तर मालक मोकळेपणी विकू शकतो. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. दुसरी, इतर हक्कांचा रकाना. कूळ, बँकेचा बोजा, विहिरीचा वाटा, खाजगी वनाचा शेरा, सगळे तिथे दडलेले असते. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा असलेल्या जमिनी कोकणात बऱ्याच आहेत. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि नंतर ती वन खात्याची निघाली, असे होऊ शकते. तिसरी, क्षेत्र. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तो गुंठ्यापेक्षा किंचित लहान असतो. चौथी, फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे एक कहाणी असते. तलाठ्याकडून ते फेरफार काढून वाचावेत.

शेतजमीन घेणाराही साधारणपणे शेतकरी असावा लागतो. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम 63 तसे सांगते. शेतकरी नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आमचे नाव वडिलोपार्जित सातबाऱ्यावर असल्याने ती अडचण नव्हती. अडचण होती भावाची. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, हा परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे. वारशाने आली तर ती त्याला ठेवता येते. मग पैसे त्याचे आणि नाव आमचे, असे करावे का? वकिलांनी सांगितले, दुसऱ्याच्या पैशाने आपल्या नावावर जमीन घेतली की बेनामी व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. शिवाय उद्या आम्ही नसलो तर आमच्या मुलांना काकाची अमानत आठवेल, याची हमी कोण देणार? लिहून न ठेवलेले देणेघेणे पुढच्या पिढीत भांडण होऊन उभे राहते.

आज महामार्गाच्या कडेला फार्महाऊस प्लॉटचे फलक जागोजागी दिसतात. एक मोठी जमीन, पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे आणि सातबाऱ्यावर वीस-तीस नावे सामाईकात. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा असे तुकडे पाडू देत नाही. गावठाणालगत आणि शहरी हद्दीत अलीकडे सवलती आल्या आहेत, पण रानातल्या तुकड्याला त्या लागू होतीलच असे नाही. सामाईकात नाव लागले तर आपला तुकडा कोणता, हे कागदावर कुठेच नसते.

पाणी आणि रस्ता

खाडीकाठच्या जागेचे आणखी दोन प्रश्न. विरळ वस्तीच्या गावांत समुद्राच्या भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामावर मोठे निर्बंध आहेत. खाडीसाठी अंतर वेगळे आहे, ते नकाशावरून तपासावे लागते. काठावर तिवरांची झाडे असतील तर ती तोडता येत नाहीत, मग जमीन खाजगी का असेना. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात तिवरांपासून 50 मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे. आम्ही पाहिलेल्या जागेत जिथे पडवी बांधायचे स्वप्न होते, तिथून तिवरे हाकेच्या अंतरावर होती.

आणि रस्ता? आम्ही गेलो ती पायवाट शेजाऱ्याच्या काजूच्या बागेतून जात होती. शेजारी भला माणूस, पाणी दिले, बसायला घोंगडे टाकले. पण म्हणाला, "येण्याजाण्याला माझी ना नाही. गाडीला मात्र रस्ता नाही." शेतात जायला बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, जमीन महसूल संहितेत कलम 143 त्यासाठीच आहे. पण शेजारधर्माची सुरुवात अर्जाने व्हावी का, हा विचार आम्हाला पडला. आपल्या फिकहमध्ये शुफ्आचा, म्हणजे विक्रीत भागीदाराला आणि शेजाऱ्याला आधी विचारण्याचा हक्क सांगितला आहे. आजच्या व्यवहारात तो सगळीकडे चालतो असे नाही. पण जागा घेण्याआधी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटावे, ही त्यातली शिकवण कोणत्याही काळात उपयोगी आहे.

विकणारे कोण?

जागा दोन भावांच्या नावावर होती. वडिलांच्या निधनानंतर वारस म्हणून त्या दोघांची नावे लागली होती. आम्ही सहज विचारले, बहिणी किती? मध्यस्थ हसला. "तीन आहेत. लग्ने होऊन गेल्या. त्यांचा काय संबंध?"

संबंध आहे. मुस्लिम कायद्यात माणूस वारला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याचा त्याचा होतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून भावाने बहिणीचा हिस्सा विकावा, अशी सोय आपल्याकडे नाही. भावांनी खरेदीखत करून दिले तरी ते फक्त आपल्या हिश्श्यापुरते. उद्या बहिणी किंवा त्यांची मुले दाव्यासाठी उभी राहिली तर घेणारा अडकतो. आम्ही म्हणालो, तिघींच्या सह्या आणा. मध्यस्थाचा फोन पुन्हा आला नाही.

इथवर आम्ही स्वतःवर खूश होतो. शाळेत मुलांना गणिताची पडताळणी शिकवतो, ती कामी आली असे वाटले. त्याच रात्री आमच्या स्वतःच्या गावचा सातबारा काढून पाहिला. भावाला वाटत होते की नवी जागा राहू दे, आजोबांच्या वाडीतच काहीतरी करू. साठ गुंठ्यांची वाडी. नावे दोन, अब्बांचे आणि चाचांचे. 1987 चा फेरफार मागवून घेतला. वारस दोन मुलगे. तिसरे नाव नव्हते.

आमची फुफी मुंब्र्याला राहते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे.

लहानपणापासून आम्ही त्या वाडीतले आंबे खाल्ले. फुफीच्या घरी दरवर्षी एक पेटी जायची आणि ती पेटी म्हणजे तिचा वाटा असे आम्ही सगळेच समजून होतो. हिशेब तर सूरह निसामध्ये स्पष्ट आहे, मुलाला मुलीच्या दुप्पट. दादी आधीच वारल्या होत्या. म्हणजे पाच भाग, दोन-दोन मुलांचे आणि एक मुलीचा. साठ गुंठ्यांत बारा गुंठे फुफीचे. बारा गुंठे आणि वर्षाला एक पेटी आंबे. ज्या मध्यस्थाच्या हसण्याचा आम्हाला राग आला होता, त्याच्यात आणि आमच्यात फरक काय राहिला?

चाचांना विचारले. ते रागावले नाहीत, पण दुखावले. "तिच्या लग्नाला अब्बांनी काय कमी केले होते?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. लग्नात दिले ते बापाने आपल्या खुशीने दिले. मीरास ही बापाची देणगी नाही, तो अल्लाहने ठरवलेला हक्क आहे. लग्नाच्या खर्चात तो वळता होत नाही. आम्ही हे चाचांना समजावू शकलो नाही. शेवटी चाची मधे बोलल्या. "माझ्या भावांनीही मला विचारले नव्हते," एवढेच. त्यानंतर चाचा गप्प झाले आणि आठवड्याने स्वतःच म्हणाले, "कागद करा."

फुफीकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "मला आता जमीन घेऊन काय करायचे, बाळा? नाव लागले तर बरे. गावात माझे काही आहे, असे वाटेल."

तलाठ्याने सांगितले की इतका जुना फेरफार त्याला बदलता येत नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आणि सोबत उशीर माफ होण्याचा अर्ज करावा लागतो. चाचांच्या आणि आमच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. काम चालू आहे, वेळ लागेल. तोवर आंब्याचा हिशेब वहीत लिहायला सुरुवात केली आहे आणि पाचवा हिस्सा फुफीच्या खात्यात जातो.

वाचकांना सांगणे एवढेच

सुट्टीसाठी जागा जरूर घ्यावी. घाई मात्र करू नये. फेरफारांसह सातबारा, वकिलाचा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि पायी चालून पाहिलेला रस्ता, एवढे झाल्याशिवाय इसार देऊ नये. गावठाणातले जुने घर मिळत असेल तर त्याचाही विचार करावा. ते शेतजमिनीत मोडत नाही आणि अनेक गावांत आता ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत.

आणि दुसऱ्याचा सातबारा उघडण्याआधी आपला उघडावा. आजी, फुफी, बहीण यांची नावे त्यात आहेत का, पाहावे. नसतील तर त्या हयात असतानाच लावून घ्यावीत. त्यांनी मागण्याची वाट पाहू नये, कारण बहुतेक जणी कधीच मागत नाहीत.

या मे महिन्यात फुफीला आम्ही वाडीवर घेऊन गेलो होतो. नवी पडवी नाही, जुन्याच ओट्यावर चटई टाकली. मुले ओहोळावर गळ घेऊन बसली होती. त्यांना काही लागले नाही. फुफी विहिरीजवळच्या एका रायवळ आंब्याखाली बराच वेळ उभी राहिली. तो तिने लावला होता, हे आम्हाला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.