न दुखणारी गाठ

स्तनात गाठ लागली म्हणजे कर्करोगच, ही भीती आणि गाठ दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, ही समजूत, या दोन्ही गोष्टी बहुतेक घरांत शेजारी-शेजारी नांदतात. वैद्यकाचा अनुभव मात्र दोहोंनाही छेद देणारा आहे. तपासणीसाठी येणाऱ्या बहुसंख्य गाठी साध्या, म्हणजे शरीरात अन्यत्र न पसरणाऱ्या असतात, तर कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही.

दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते स्तनाग्रापर्यंत नेणाऱ्या नलिका आणि त्यांना सावरणाऱ्या तंतुमय व मेदाच्या ऊती हे सारे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या चढउतारानुसार दर महिन्याला फुगते आणि ओसरते. त्यामुळे पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणे, ठणकणे किंवा हाताला खडबडीत लागणे इतके सार्वत्रिक आहे की त्याला रोग म्हणणेच डॉक्टरांनी हळूहळू सोडून दिले आहे. ऐन तारुण्यात आढळणारी गोल, गुळगुळीत, रबरासारखी गाठ म्हणजे फायब्रोॲडेनोमा. ती बोटांखालून इतकी चटकन निसटते की शल्यविशारद तिला ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात. पस्तिशीनंतर पाण्याने भरलेल्या पुटी दिसू लागतात आणि कधी कधी त्या एकाएकी हाताला लागल्याने घबराट उडते. सोनोग्राफीत मात्र त्यांचे स्वरूप बहुधा लगेच स्पष्ट होते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाला जंतुसंसर्गाने सूज येते, तेव्हा घरातील वडीलधारी पाजणे थांबवायला सांगतात. पण दूध साचून राहिले तर सूज वाढतेच. प्रतिजैविकांनीही न ओसरणारी लाली मात्र संशयास्पद मानावी लागते, कारण कर्करोगाचा एक प्रकार हुबेहूब संसर्गाचे रूप घेऊन येतो. उलट, भारतात अधूनमधून आढळणारा स्तनाचा क्षयरोग कर्करोगाचा भास निर्माण करतो.

कर्करोग बहुधा दुग्धनलिकांच्या अस्तरातील पेशींत सुरू होतो. कठीण, ओबडधोबड कडांची, आजूबाजूच्या ऊतींना चिकटलेली गाठ, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यावरचा बरा न होणारा इसब किंवा त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव ही त्याची लक्षणे होत. यांपैकी रक्तस्रावामागे अनेकदा नलिकेतील एखादा साधा मोडच असतो, तरीही तपासणी टळत नाही. हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा, अशा तिन्ही पुराव्यांचा मेळ बसला की निदान पक्के होते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, हा समज निराधार असूनही अतिशय चिवट आहे, आणि मौल्यवान महिने त्यापायी वाया जातात.

हाताला लागणाऱ्या गाठीवर किती विसंबावे, याची कसोटी दोन मोठ्या प्रयोगांनी पाहिली. शांघायमधील कापडगिरण्यांतील सुमारे 2,66,000 कामगार स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासात निम्म्यांना स्वतःचे स्तन तपासायला शिकवले गेले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींसाठी होणाऱ्या बायॉप्सी मात्र वाढल्या. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये झोपडपट्ट्यांतील 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर सुरू केलेल्या प्रयोगात तपासणारे हात प्रशिक्षित आरोग्यसेविकांचे होते आणि या सेविका एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी करीत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटातील कर्करोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडल्याचे दिसले. मृत्यूंमधील एकूण घट सुमारे 15 टक्के असली, तरी ती संख्याशास्त्राच्या निकषावर टिकणारी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ही घट जवळपास 30 टक्के, म्हणजे निःसंशय होती, आणि तीही मॅमोग्राफीच्या यंत्राविना. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये तसा लाभ आढळला नाही.