एकट्याने दुचाकीवर दूर निघताय? बेत सैल ठेवा, पण घरच्यांशी केलेला करार पक्का हवा

गोंदिया : धानाची कापणी-मळणी आटोपत येते, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागते, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. याच दिवसांत आपल्याकडच्या अनेक पोरांच्या डोक्यात एक विचार घोळू लागतो. गाडी काढायची आणि निघायचं. एकट्यानंच. कुठं? ते रस्त्यावर पाहू.

घरी सांगितलं की आईचे तीन प्रश्न ठरलेले. कुठं चालला, मुक्काम कुठं करणार, परत कधी येणार? तिन्हीचं उत्तर "पाहू ना" असं आलं की भांडणही ठरलेलं. मग काही जण न सांगताच निघतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. एकट्या माणसाला रस्त्यात काही झालं, तर तो कुठं आहे हे कोणालाच माहीत नसतं.

आईचे प्रश्न बरोबर आहेत, आणि पोराला मोकळं फिरायचं आहे तेही चूक नाही. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते पाहू.

सैल बेत म्हणजे बेफिकिरी नव्हे

मुक्काम न ठरवता लांब निघणं आपल्याला नवीन नाही. नर्मदा परिक्रमेचंच बघा. पायी परिक्रमा साधारण २,६०० किलोमीटरची. परिक्रमावासी आज कुठं झोपणार हे सकाळी त्याला माहीत नसतं. कुठं आश्रम, कुठं धर्मशाळा, कुठं कोणाच्या घरची ओसरी. पण नियम मात्र पक्के असतात. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. दिशा ठरलेली, नियम ठरलेले, मुक्काम तेवढा मोकळा.

दुचाकीच्या सफरीलाही हेच लागू पडतं. सैल काय ठेवायचं? गाव, रस्ता, मुक्काम, कुठं किती दिवस राहायचं ते. पक्कं काय ठेवायचं? थांबायची वेळ, दिवसाचं अंतर, पेट्रोल, घरी फोन आणि परतायची तारीख. उलटं केलं की फसलं. पुष्कळ जण रोजचं लॉज आधी बुक करतात, पण थांबायच्या वेळेचा नियम काही ठेवत नाहीत.

त्यातून काय होतं पाहा. सकाळी पंक्चर झालं, दीड तास गेला. दुपारी रस्त्याचं काम लागलं, आणखी एक तास गेला. संध्याकाळचे पाच वाजले आणि लॉज अजून ८० किलोमीटर पुढं आहे. पैसे भरलेले, म्हणून माणूस अंधारात गाडी हाणतो. बुकिंग नसतं तर तो आधीच्याच गावात थांबला असता. म्हणून एकट्या माणसासाठी सैल बेत सोयीचा तर असतोच, नीट पाळला तर जास्त सुरक्षितही असतो.

पक्क्या ठेवायच्या पाच गोष्टी

१. थांबायची वेळ. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणून चार वाजले की पुढचं गाव मुक्कामाचं, मग ते कोणतंही असो. या दिवसांत धान घेऊन केंद्राकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि कित्येकांना मागचा लाल दिवाच नसतो. कुठं अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं, त्याच्या कडेला दगड मांडलेले. दिवसा ते दिसतात, रात्री दिसत नाहीत. जंगलातल्या रस्त्यावर जनावरांचीही भर पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात रात्री कारच्या धडकेनं वाघ गेला. तिथं कारच्या जागी दुचाकी असती तर काय झालं असतं, वेगळं सांगायला नको.

२. दिवसाचं अंतर. नकाशावर ४०० किलोमीटर सोपे वाटतात. हिशेब करून बघा. सकाळी सातला निघालात आणि चारला थांबलात तर नऊ तास मिळतात. त्यातले चहा, जेवण, पेट्रोल, फोटो, रस्ता विचारणं यात अडीच तास जातात. उरले साडेसहा. घाटाचा, गावागावांतून जाणारा रस्ता असेल तर सरासरी वेग ताशी ३८-४० च्या वर जात नाही. म्हणजे झाले २५० किलोमीटर. तीच मर्यादा धरा. तिसऱ्या दिवशी कंबर आणि मनगट बोलू लागतात, तेव्हा २०० सुद्धा पुष्कळ होतात.

३. पेट्रोल. टाकी अर्धी झाली की पहिल्या पंपावर भरायची. पंप सोडून पुढं जायचं नाही. खेड्यात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

४. घरी फोन. रोज एकच वेळ. याबद्दल खाली सविस्तर आहे.

५. परतायची तारीख, आणि त्यात एक दिवस हाताशी. आठ दिवसांची सुट्टी असेल तर सात दिवसांचाच बेत करा. शेवटच्या दिवशी घाई करणारा माणूस घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर पडतो.

पहिल्यांदा कुठं जावं?

पहिल्याच फटक्यात लडाख नको. आपल्या जिल्ह्याला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही लागून आहेत, त्यामुळे एक चांगली फेरी घरापासूनच सुरू होते. गोंदियाहून बालाघाट, तिथून घाटानं बैहर, मग मंडला, डिंडोरी आणि अमरकंटक. परतताना छत्तीसगडच्या बाजूनं उतरून कवर्धा, जवळचं भोरमदेवाचं जुनं मंदिर, खैरागड, डोंगरगड आणि सालेकसा-आमगावमार्गे घर. सगळं मिळून साधारण सातशे ते आठशे किलोमीटर. रोज दीडशे-दोनशे चाललं तर पाच-सहा दिवसांची निवांत सफर होते.

ही फेरी पहिल्यांदा जाणाऱ्याला बरी पडते, कारण ती कुठंही तोडता येते. मंडल्याला कंटाळा आला तर तिथूनच मागं फिरता येतं. अमरकंटकला नर्मदेचं उगमस्थान आहे, यात्रेकरूंची ये-जा असते, त्यामुळे धर्मशाळा आणि आश्रम मिळतात. मात्र ते हजार मीटरहून उंचावर आहे, हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी असते. आपल्याकडचं पातळ जॅकेट तिथं कामाचं नाही. परतीला डोंगरगड म्हणजे बम्लेश्वरीचं गाव, आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं. एकटेपणाचा ताण शेवटच्या टप्प्यात तिथं आपोआप उतरतो.

या वाटेवरचा काही जंगलपट्टा अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला जात होता. पोलिसांनी नाक्यावर थांबवलं तर हेल्मेट काढायचं, ओळखपत्र द्यायचं, कुठून आलो आणि कुठं चाललो ते सरळ सांगायचं. आतल्या अनोळखी रस्त्यावर शिरण्याआधी शेवटच्या गावातल्या चहाच्या टपरीवर विचारायचं, "दादा, हा रस्ता चालू आहे का?" नकाशा रस्ता दाखवतो, पण पूल वाहून गेलाय की नाही हे टपरीवालाच सांगतो.

गाडी कोणती? घरात आहे तीच

लांब जायला बुलेटच पाहिजे, हा गैरसमज आहे. त्यापायी कर्ज काढू नका. अंगणातली स्प्लेंडर घ्या. तिची टाकी ९.८ लिटरची. लिटरला ५५ किलोमीटर धरले तरी भरल्या टाकीत पाचशेच्या वर जाते. आठशे किलोमीटरच्या फेरीला जेमतेम १५ लिटर पेट्रोल लागेल. महत्त्वाचं म्हणजे तिचा पार्ट आणि तिला ओळखणारा मेकॅनिक कोणत्याही तालुक्याच्या गावात सापडतो. मोठी गाडी आडगावी बंद पडली तर ती पिकअपवर टाकून शहरात न्यावी लागते.

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे न्या. इंजिन ऑईल, ब्रेक लायनर, चेन, एअर फिल्टर, हेडलाइट आणि दोन्ही टायर तपासून घ्या. नंतर ती शंभरेक किलोमीटर चालवून बघा, कारण दुरुस्तीत राहिलेली चूक पहिल्या दिवशीच कळते. सोबत एक क्लच केबल, एक स्पार्क प्लग, ट्यूब आणि गाडीचे पाने ठेवा. केबल बदलणं आणि प्लग साफ करणं मेकॅनिककडून शिकून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण जंगलात तेच उपयोगी पडतं.

कागद आणि पैसा

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची कागदपत्रं चालतात, पण मोबाईल बंद पडला की ती दाखवणार कशी? म्हणून झेरॉक्स जवळ ठेवा.

विम्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण हे गाडीच्या मालकासाठी असतं, तो स्वतः चालवत असेल तेव्हा. तुम्ही भावाच्या किंवा मित्राच्या नावावरची गाडी घेऊन निघालात, तर ते तुम्हाला लागू होत नाही. अशा वेळी स्वतःच्या नावाचा वेगळा अपघात विमा काढूनच निघा.

पैसे दोन ठिकाणी ठेवा, थोडे खिशात आणि थोडे बॅगेत. रेंज नसली की यूपीआय चालत नाही. मुख्य कागद गाडीला बांधलेल्या बॅगेत कधीच ठेवू नका, अंगावर ठेवा. मुंबईहून दुचाकीनं थेट इंग्लंड गाठलेल्या एका मराठी तरुणाची गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली. गाडीसोबत पासपोर्ट आणि सामानही गेलं. इतके देश सुखरूप ओलांडले आणि गाडी उभी असताना घात झाला. आपल्या ढाब्यावरही हेच होऊ शकतं. जेवताना गाडी नजरेसमोर उभी करा.

घरच्यांशी करार

हा भाग वगळू नका. निघण्याच्या आदल्या रात्री घरी बसून चार गोष्टी ठरवा.

रोज रात्री आठला फोन. त्यात तीनच गोष्टी सांगायच्या : आज कुठं थांबलो, उद्या कोणत्या दिशेला जाणार, गाडी आणि तब्येत कशी आहे. दिवसभर सारखे फोन नकोत. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे घरच्यांनीही मान्य करायचं.

रेंज नसेल तर? दरेकसाच्या बाजूला किंवा मंडल्याच्या जंगलात रेंज जाणं नेहमीचं आहे. फोन आला नाही म्हणजे अपघात झाला असं नव्हे, हे आईला आधीच समजावून सांगा. पण मर्यादाही ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत निरोप आला नाही, तर घरच्यांनी ११२ ला फोन करून शेवटचा मुक्काम, गाडीचा नंबर आणि पुढची दिशा सांगायची. ही माहिती रोजच्या रोज एका वहीत लिहून ठेवायची. त्या वेळी घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही, वही असली तर कामी येते.

परत फिरायच्या अटीही आधीच ठरवा. ताप आला, ब्रेकमध्ये किंवा इंजिनात बिघाड वाटला, सलग दोन रात्री झोप झाली नाही, यातलं काहीही झालं तर मागं फिरायचं. "पोरं हसतील" हे कारण चालणार नाही. गाडी चालवण्यासारखी नसेल तर दुर्ग किंवा राजनांदगावसारख्या स्टेशनवरून ती रेल्वे पार्सलनं गोंदियाला पाठवता येते. त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागते. हे माहीत असलं की नादुरुस्त गाडी हट्टानं रेटण्याची वेळ येत नाही.

काही झालंच तर

हेल्मेट आयएसआय मार्कचं आणि पट्टा लावलेलं. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा : नाव, रक्तगट, औषधाची ॲलर्जी, घरचे दोन नंबर. मोबाईल लॉक असतो, चिठ्ठी कोणीही वाचू शकतं.

आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. घरच्यांना ही माहिती देऊन ठेवा.

आणि तुमच्या वाटेत दुसरा कोणी पडलेला दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं आहे. मदत करणाऱ्यानं नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही. एकटा फिरणारा माणूस अनोळखी लोकांच्या भरवशावर असतो. तो भरवसा आपणही दुसऱ्याला द्यायला हवा.

मग एकट्यानंच का जावं?

चार मित्र सोबत असले की आपण आपसातच बोलतो. एकटा माणूस टपरीवर बसला की कोणीतरी विचारतंच, "कुठून आलात भाऊ?" गोंदिया म्हटलं की कोणाची मामी आमगावची निघते, कोणी तिरोड्याला कामाला होता असं सांगतो. बोलण्यात तासभर जातो, चहाचे पैसे तो देऊ देत नाही, आणि तुमचा पुढचा ठरवलेला टप्पा राहून जातो. त्या तासासाठी वेळ असावा, म्हणून बेत सैल ठेवायचा.

रात्री आठ वाजले की मात्र आधी घरी फोन. आई वही उघडून बसलेली असते.