टाटाला निघण्याआधी

मालेगावात तपासणीत कॅन्सर निघाला की नातेवाईक पहिल्यांदा म्हणतात, ‘टाटाला न्या.’ परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, त्यामुळे हा विश्वास कमावलेला आहे. पण मनमाडला गाडीत बसण्याआधीच काही गैरसमज पेशंटचं नुकसान करून ठेवतात.

त्यांतला सर्वांत घातक म्हणजे ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’. बायोप्सीशिवाय, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय, आजार कोणता हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय केमो कोणती द्यायची हेही कळत नाही. सुईमुळे पेशी पसरण्याचा धोका अगदी थोडा असतो आणि सुई कुठून घालायची हे डॉक्टर तो धरूनच ठरवतात. खरा घोटाळा उलट बाजूने होतो. सुईला घाबरणारी माणसं ‘आधी गाठ काढून टाकू, मग मुंबईला दाखवू’ म्हणून ऑपरेशनला लगेच तयार होतात. पूर्वनियोजन नसलेल्या अशा ऑपरेशनमध्ये आजाराचा काही भाग मागे राहू शकतो आणि पुन्हा चिरफाड करावी लागते.

दुसरा समज असा की फाइल नेली की झालं. तपासणीचा तुकडा मेणात बसवून प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात, त्या स्लाइड. मोठ्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट हे स्वतः पुन्हा बघतात, कधी त्यांचं निदान वेगळं निघतं आणि उपचारच बदलतात. म्हणून लॅबमधून रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. मेच्या उन्हात ब्लॉक गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण मऊ पडतं. सीटी-एमआरआयची सीडी हवी. मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.

‘गेल्या दिवशीच उपचार सुरू होतील’ असंही नसतं. आधी कार्ड निघतं, डॉक्टर तपासतात, राहिलेल्या तपासण्या लिहून देतात. स्टेज त्यानंतर ठरते. गावात कुणी आधीच ‘शेवटची आहे’ म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. मुक्कामाची तयारी ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी आणि काढा-चूर्ण चालू असेल तर न लपवता सांगा.

सगळे उपचार मुंबईतच होतात असंही नाही. नाशिकमध्ये केमो आणि रेडिएशनची सोय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात, पण प्रत्येक रुग्णालय योजनेत नसतं. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा.

आणि ‘त्यांना काही सांगू नका, खचतील’ हे डॉक्टरांच्या कानात कुजबुजणं थांबवा. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही पेशंटची लागते. कधीपासून दुखतं, किती वजन घटलं, तंबाखू किती वर्षं खाल्ली, हे खरं त्यांनाच ठाऊक असतं. आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या.